बाईंचा षड्ज

सर, परवा मी तुमच्या बाईंना पहिल्यांदा ऐकलं. तुमच्या बाई म्हणजे त्या अमेरिकेतल्या, जॅझ गाणाऱ्या, ज्यांची एकुलती एक लाँग-प्ले रेकॉर्ड तुम्ही उज्जैनच्या माधवनगरातल्या घरी रविवारी सकाळी आम्हा चार-पाच मुलांना ऐकवायचात. तुम्ही म्हणाल, पहिल्यांदा कसं रे, सात वर्षं तर माझ्याकडे येऊन ऐकत होतास. तेच लिहायला बसलोय. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली, मी पंचाहत्तरीला पोचलो, आणि या वयात आपल्या मास्तरांशी भांडणं शोभत नाही हे मला कळतं. पण हे भांडण दुसऱ्या कोणाशी होऊच शकत नाही. त्या चार-पाचांतला आता मी एकटाच गावात आहे. बाकीच्यांना फोन करून सांगावं तर म्हणतील, अरे, एका रेकॉर्डचं काय घेऊन बसलास.

ती खोली मला अजून दिसते. खिडकीशी चौरंग, चौरंगावर तो जड रेकॉर्ड-प्लेअर, त्याच्यावर भैरवगढच्या छापील चादरीचा एक तुकडा. तुमचे धाकटे भाऊ जहाजावर नोकरीला होते, प्लेअर आणि रेकॉर्ड दोन्ही त्यांनीच आणून दिलेलं. त्या प्लेअरला वेगाचे ठरावीक खटके नव्हते, एक लांब दांडी होती, ती सरकवू तशी तबकडी हळू किंवा जोरात फिरायची. आम्ही सतरंजीवर बसतो, तुम्ही शेजारी पेटी घेऊन. आधी पेटीवरची पहिली काळी पट्टी दाबून धरता, काळी एक. हा तुमचा सा. मग सुई ठेवता, आणि बाई बरोबर त्याच सा मध्ये गायला लागतात, जणू सातासमुद्रापलीकडे त्या तुमच्या पेटीकडे कान लावून उभ्या होत्या. गाणं संपतं. तुम्ही सुई उचलता आणि म्हणता, डोळे मिटा, सा मनात धरा, सोडू नका. आम्ही डोळे घट्ट मिटून बसतो. चौरंगाकडे थोडी खुडबुड ऐकू येते. मग पेटीचा तोच सूर, आणि दुसरं गाणं, पुन्हा त्याच सा मध्ये. एका बाजूची सहा गाणी, सहाही काळी एकमध्ये. शेवटी तुम्ही चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसता आणि म्हणता, "बघा. गाणी सहा, चाली सहा, पण बाईंचा षड्ज जागचा हलला नाही. याला चारित्र्य म्हणतात."

आणि काय आवाज होता तो. जड, सावकाश, शब्द ओठांवरून निघायला राजी नसल्यासारखा. पौषातली क्षिप्रा जशी वाहते आहे की थांबली आहे ते घाटावरून कळत नाही, तसा. मागचं वाद्यसुद्धा, ते क्लॅरिनेट, वरातीतल्या बँडमध्ये ऐकलेल्या क्लॅरिनेटसारखं उड्या मारायचं नाही. कोणी तरी पायऱ्या मोजत उतरावं तसं खाली खाली यायचं. इंग्रजी आम्हाला कितीसं कळणार, तुम्ही एकेका ओळीचं मराठी करून सांगायचात, वर्गात कवितेचा अर्थ सांगता तसंच. तिसऱ्या गाण्यात ती एका माणसाची वाट बघते, तो येणार नाही हे तिला माहीत आहे, तरी दिवा मालवत नाही. मी चौदा वर्षांचा. कोणाची वाट बघणं म्हणजे काय ते मला कुठून माहीत असणार. पण मी मनात त्या बाईंना वय दिलं पन्नास, एक मोठं रिकामं घर दिलं, एक खिडकी दिली. मंदाक्रांतेत त्यांच्यावर कविता केल्या आणि तुम्हाला दाखवल्या. तुम्ही गण मोजलेत, दोन ठिकाणी लाल पेन्सिलीने खुणा केल्यात आणि वही परत दिलीत. बरं-वाईट काही बोलला नाहीत.

बोलणं मिळालं ते वेगळ्याच दिवशी. स्नेहसंमेलनाच्या तालमीत मी कविता म्हणायला उभा राहिलो, आणि उत्साहाच्या भरात रोजच्यापेक्षा वर सुरुवात केली. मला आठवतं, त्या दिवशी मला फार बरं वाटत होतं, खिडकीतून ऊन येत होतं आणि शब्द आपोआप वर जात होते. तुम्ही हात वर केलात. सगळा वर्ग बघतोय. तुम्ही म्हणालात, "आज कोणाच्या घरी उतरलास?" पोरं हसली. मग तुम्ही म्हणालात, ज्याला आपला सा राखता येत नाही त्याने कविता मनातल्या मनात म्हणावी. दोन महिने मी सगळ्यांबरोबर उभा राहून मनात म्हणत होतो. मला राग आला नाही, सर, खरं सांगतो. मला वाटलं, बाईंसारखं व्हायचं तर हे सोसलंच पाहिजे. पुढे बँकेत लागलो तेव्हासुद्धा मी माणसं त्याच मापाने मोजत आलो. हा ठाम आहे, हा भटकतो. याचा सा आहे, याला सा नाही. तुमचं माप माझ्या हातात इतकं बसलं होतं की ते माप आहे हेच मी विसरून गेलो.

तर आता परवाचं. मुलगी बंगळूरला असते. जन्मभर तिने माझ्याकडून या बाईंचं ऐकलंय, म्हणून पंचाहत्तरीनिमित्त तिने एक नवा प्लेअर आणि हीच रेकॉर्ड शोधून पाठवली. नव्याने छापलेली, पण तीच. कव्हरवर तोच फोटो, पियानोच्या झाकणावर टेकलेला हात आणि कॅमेऱ्याकडे न बघणारा चेहरा. कुरिअर नानाखेड्याला घरी आलं. मी आंघोळ केली, धुतलेला कुर्ता घातला. ही म्हणाली, "अहो, पूजेला बसताय का?" सुई ठेवली, डोळे मिटले.

सर, त्यातून एक पोरगी निघाली. बावीस-तेवीस वर्षांची असेल. आवाजात पाणी कमी आणि ऊनच जास्त. मागे ते क्लॅरिनेट तिला चिडवत होतं आणि ती त्याला दाद देत नव्हती. सम आली की मुद्दाम जरा उशीर करायची, आता चुकली असं वाटेपर्यंत थांबायची, आणि मग शब्द असा टाकायची की तबल्यावाल्याने उठून सलाम करावा. तिसरं गाणं लागलं. तेच शब्द, तीच ओळ, दिव्याची. पण ही कोणाची वाट बघत नव्हती. तो माणूस येऊन दारात उभा होता, उशिरा आलेला, आणि ती त्याला फैलावर घेत होती. ओळीच्या शेवटी हसलीसुद्धा, अगदी बारीक, श्वास सोडता सोडता. आणि प्रत्येक गाणं वेगळ्या सा मध्ये. पहिलं एकीकडे, दुसरं त्याच्या खाली, तिसरं कुठल्या कुठे वर. मी सुई उचलली. म्हटलं, मशीन पळतंय.

त्याच दुपारी प्लेअर पिशवीत घालून फ्रीगंजला नेला. तिथे एक कारागीर आहे, जुने रेडिओ, प्लेअर दुरुस्त करतो. त्याने तबकडीखाली कागदाची चिठ्ठी चिकटवली, घड्याळ माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, आप खुद गिन लो. मी मिनिटभर फेरे मोजले. तेहतीस, वर थोडं. या रेकॉर्डला जेवढं हवं तेवढंच. मी म्हटलं, भैया, आवाज मोठ्या वयाचा पाहिजे, हा तर मुलीचा येतोय. तो चष्म्यावरून बघत राहिला. मग म्हणाला, "बाबूजी, मशीन जवान है, गाने वाली भी जवान है। अब गड़बड़ किसमें है, आप ही देख लो।" दुकानातली दोघं-तिघं हसली. मलाही हसू यायला हवं होतं. आलं नाही.

तिथून मी तसाच माधवनगरला ताईंकडे गेलो. तुमची मुलगी आता सत्तरीची आहे, गुडघे दुखतात, पण बोलणं तसंच. मी विचारलं, सरांचा तो प्लेअर आहे का. म्हणाल्या, प्लेअर केव्हाच गेला, रेकॉर्डही ओरखडे पडून वाया गेली, पण कव्हर ठेवलंय, बाबांचं अक्षर आहे म्हणून. त्यांनी कपाटातून काढून दिलं. मागच्या बाजूला, गाण्यांच्या यादीत, प्रत्येक गाण्यापुढे तुमच्या पेन्सिलीने आकडा लिहिलेला. एकापुढे तीस. एकापुढे साडेएकतीस. दिव्याच्या गाण्यापुढे साडेसव्वीस. एकाच गाण्यापुढे पस्तीस, म्हणजे तेवढं एक तुम्ही पळवलंत, बाकीची संथ करून त्यांचा सूर खाली ओढलात. आणि सगळ्यांच्या शेवटी, लहान अक्षरात, का.१. काळी एक. दांडी किती सरकवली की कोणतं गाणं काळी एकमध्ये येतं, त्याचा सगळा हिशेब.

मी आकड्यांवरून बोट फिरवत होतो. ताई म्हणाल्या, "अरे, तुला माहीत नव्हतं? घरात आम्हा सगळ्यांना माहीत होतं." आणि हसत हसत सांगायला लागल्या. शनिवारी दुपारभर बाबा पेटी घेऊन एकेक गाणं जुळवत बसायचे, आई वैतागायची. म्हणायचे, बाईचा गळा देवाघरचा आहे, पण बिचारीला कोणी तानपुरा दिला नाही, म्हणून दर गाण्याला भटकते, आपण तिला सा देऊ. इथपर्यंत मीही हसलो असतो, सर. त्या काळात उज्जैनमध्ये बसून तुम्हाला कोण सांगणार होतं की तिकडे गाण्यागणिक पट्टी बदलतात, त्यात भटकणं काही नसतं. आपल्याकडे गवयाचा सा म्हणजे त्याचं नाव-गाव, तो कसा बदलेल. चूक झाली तर ती प्रेमातून झाली, असं मी ताईंना म्हणणारही होतो. पण त्यांचं बोलणं संपलं नव्हतं. म्हणाल्या, "मुलांना मात्र सांगायचं नाही, असं आम्हाला बजावलेलं. म्हणायचे, कळलं तर उद्या वर्गात वाटेल त्या सुरात म्हणतील."

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. ती खुडबुड ही होती. आम्ही डोळे मिटून मनात सा धरत होतो आणि तुम्ही दांडी सरकवत होतात. चारित्र्य म्हणून जे आम्हाला दाखवलंत ते त्या बाईचं नव्हतं, तुमच्या अंगठ्याचं होतं. तिचं हसणं तुम्ही ओढून ओढून उसासा केलंत. ते हसणं तुम्ही दर शनिवारी ऐकत होतात, तुमच्या घरातले ऐकत होते, आणि रविवारी आमच्यासाठी उसासा. चौदा वर्षांच्या पोराला सांगितलंत, खोल म्हणजे हे, बाकी सगळं उथळ. मी ऐकलं. मी तुमचं प्रत्येक वाक्य ऐकलं.

एवढ्यावर असतं तर मी गप्प बसलो असतो. पण घरात ही आहे.

हिला तुम्ही लग्नात पाहिलं होतंत. ही खंडव्याची. घरात आली ती गात आली. सकाळी कणीक मळताना एक, फोडणी देताना दुसरं, कपडे वाळत घालताना तिसरं. भोंडल्याची गाणी, सिनेमातली, लग्नातली मालवी बन्ना-बन्नी, काहीही. गळा जिथे सापडेल तिथून सुरू करायची, त्या घाईत पुढची ओळ आधी म्हणून टाकायची. आणि मी, तुमचा विद्यार्थी, बाहेरच्या खोलीत बसून मोजायचो. हिचा सा सकाळपासून चार वेळा बदलला. तिसऱ्या महिन्यात मी पेटी आणली. संध्याकाळी तिला समोर बसवून काळी एक धरायचो आणि म्हणायचो, यात म्हण. ती म्हणायची, "ही पुरुषांची पट्टी आहे हो. वर जाववत नाही आणि खाली उतरवत नाही." मी म्हणायचो, सातासमुद्रापलीकडे एक बाई सहा गाणी याच पट्टीत गाते, तुला एक जमत नाही? पंधरा दिवस तिने प्रयत्न केला. आवाज फाटायचा, ती पाणी प्यायची, पुन्हा बसायची. मग एक दिवस बसली नाही. रागावली वगैरे नाही. मतलब, भांडण झालंच नाही. नुसतं घर शांत झालं, भांड्यांचा आवाज तेवढा राहिला.

मुलगी झाली तेव्हा हिने तिला अंगाई म्हटली नाही. थोपटत राहायची, तासन् तास. मुलगी शाळेत जायला लागली, एकदा मला विचारलं, बाबा, आईला गाता येत नाही ना? मी म्हटलं, नाही बेटा, आईला सा नाही. ही तिथेच बसली होती. मुलीच्या वेण्या घालत होती. तिचे हात थांबले नाहीत.

परवा ताईंकडून आलो आणि रेकॉर्ड पुन्हा लावली, योग्य वेगाने, आणि हिला सगळं सांगितलं. ही मेथी निवडत होती. तीन गाणी तिने ऐकली. दिव्याच्या गाण्यात ती पोरगी हसली तेव्हा हीसुद्धा जराशी हसली, बायका एकमेकींचं कळून हसतात तशी. मग म्हणाली, "म्हणजे हिचाही सा दर गाण्याला वेगळा आहे." मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "आणि हिला कोणी काही म्हटलं नाही?" मी म्हटलं, नाही. तिने मेथीचं ताट उचललं आणि आत गेली. काल मी धीर करून म्हटलं, काही तरी म्हण ना, कुठल्याही पट्टीत. म्हणाली, आता आवाज कुठे राहिला, खोकला तर जात नाही, आणि गाणीही विसरले. ते तिने इतकं साधं म्हटलं, दूध नासलं म्हणावं तसं. मग विचारलं, भाजीत लसूण चालेल ना.

तर हे आहे तुमच्याशी भांडण. तुम्ही मला खोटं माप दिलंत, आणि खोटं आहे हे माहीत असून दिलंत. त्या मापाने मी एका जित्या बाईला मोजलं आणि ती कमी भरली असं जन्मभर समजलो. एखाद्या गुरूने शिष्याला याहून जास्त काय फसवावं? तुमचा फोटो माझ्या टेबलावर आहे. काल मी तो भिंतीकडे तोंड करून ठेवला, मग ते फार पोरकट वाटलं म्हणून खणात ठेवला.

इथे पत्र संपवणार होतो. विचार असा होता की ताईंना नेऊन द्यावं, म्हणावं सर्वपित्रीला बाबांच्या पानाशेजारी ठेवा. पाकिटही काढून ठेवलं. पण तुम्ही वाचाल तर म्हणाल, यात एक गोष्ट लिहिली नाहीस. तेव्हा लिहितो.

पेटी आणली होती त्या पंधरवड्यातच तुम्ही आमच्या भाड्याच्या खोलीवर आला होतात, न कळवता. ही आत चहा करत होती, तुम्ही आलात हे तिला माहीत नव्हतं, आणि ती गात होती. वरच्या पट्टीत, घाईघाईत, कुठलं तरी बन्नी. मी लाजून उठायला लागलो, तिला गप्प करावं म्हणून, तर तुम्ही माझ्या मनगटाला धरून मला बसवलंत. गाणं संपेपर्यंत तसंच धरून ठेवलंत. मग चहा घेतलात, बँकेचं विचारलंत, आणि मी खाली पोचवायला आलो तेव्हा चपला घालता घालता म्हणालात, "हिच्या मागे पेटी लावू नकोस. गाऊ दे तिला."

मी हो सर म्हटलं. जिना चढून वर आलो. सात वर्षांत तुम्ही माझी एकही कविता अशी, हात धरून, शेवटपर्यंत ऐकली नव्हती. वर ही दारातच उभी होती, अय्या, सर आले होते आणि मी ओरडत होते, म्हणून कानाला हात लावत. तिने विचारलं, काय म्हणाले सर? मी म्हटलं, चहा चांगला झाला होता म्हणाले. आणि त्या संध्याकाळी मी पुन्हा पेटी काढून बसलो.

ती अजूनही कधी कधी सांगते, सरांना माझा चहा आवडला होता. परवासुद्धा सांगितलं.

म्हणून हे ताईंकडे देत नाही. आठवड्यातून एकदा हिचं आणि ताईंचं फोनवर बोलणं होतं, आणि ताईंच्या पोटात काही राहत नाही.